पैलवानाचे फोटो

सांगलीत आल्यावर मला पहिला म्हणण्यासारखा फोटो मिळाला तो एका गड्याचं नाक फुटताना. तालमीत सकाळची मेहनत चालली होती. हौदातल्या तांबड्या मातीत दोघं भिडले होते. वरच्याचं डोकं खालच्याच्या तोंडावर असं आदळलं की नारळ फुटल्यासारखा आवाज आला. रक्त उडालं आणि मातीत मुरलं. मी दाराशी कॅमेरा घेऊन उभा होतो, बोट आपोआप दाबलं गेलं. वस्तादांनी रक्त बघितलं, मूठभर माती उचलून त्याच्या नाकाला थापली आणि हातातली वेताची छडी त्याच्याच पाठीवर ओढली.

"मान कुठं हुती तुजी? आं? मान?"

तो उठून पुन्हा उभा राहिला.

ज्याचं डोकं आदळलं होतं, तो पैलवान. त्याचं नाव मी लिहीत नाही. मी त्याला पैलवान म्हणायचो आणि तो मला चाचा.

मी मूळचा वडूजचा. आमच्याकडे पिंजाऱ्याचा धंदा. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. मी एक्स-रेचा कोर्स केला आणि सांगलीत एका खासगी दवाखान्यात लागलो. दिवसभर माझ्यासमोर मोडलेली माणसं यायची. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले पाय, भावकीच्या भांडणात काठीनं फुटलेले हात, जिन्यावरून पडले म्हणून सांगणाऱ्या बायकांच्या बरगड्या. त्या खोलीत हाडं नीट दिसायची, तोंडं मात्र लक्षात राहायची नाहीत. त्यामुळे असेल, मला तोंडांची ओढ लागली. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून वापरलेला कॅमेरा घेतला आणि ड्यूटीच्या आधी सकाळी हिंडायला लागलो.

परक्या गावात कॅमेरा घेऊन हिंडणं सोपं नसतं. घाटावर अंघोळीला आलेल्यांनी हाकललं. हळदीच्या सौद्यात एकानं "कुठल्या पेपरचा रं तू?" म्हणत गचांडी धरली. नाव विचारलं, मी सांगितलं, तशी पकड आणखी आवळली. तालीम ही पहिली जागा, जिथं मला कुणी काही विचारलं नाही. वस्ताद एवढंच म्हणाले, "पायताण भाईर काडा आन् खुशाल बसा."

पैलवान कुंडलच्या बाजूच्या एका खेड्यातला. वडील लहानपणीच गेलेले. आई दर आठवड्याला एस.टी.नं तुपाचा डबा घेऊन यायची, तालमीच्या दारात ठेवायची आणि आत न बघताच माघारी फिरायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, बघा तरी लेकाची मेहनत." ती म्हणाली, "न्हाई बाबा. त्याला कुनी हानल्यालं मला बगवत न्हाई, आन् त्यानं कुनाला हानल्यालं बी न्हाई."

तो लढायचा मात्र बघत राहावं असा. अंगानं फार आडवा नव्हता, पण भिडला की समोरच्याचा श्वास तुटेपर्यंत सोडायचा नाही. मातीत घासून घासून त्याचे दोन्ही कान पिळवटून गोळा झाले होते. एक दिवस मेहनत संपल्यावर माझ्यासमोर येऊन बसला आणि मान वळवली.

"चाचा, माजा कान काडा."

"कान कशाला? तोंड काढतो की."

"तोंड काय, समद्यांनाच हाय. कान बगा ह्यो. पैलवानाचा दाखला हाय."

मी कान काढला. मग घामावर चिकटलेल्या मातीची पाठ काढली, दोरावर चढतानाचे हात काढले. वर्षभर काढत होतो. चांगले चार फोटो मोठे करून त्याला दिले, ते आईनं घरात देवाच्या फळीशेजारी लावले. आम्ही नवरा-बायको एकदा तिच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा तिनं मुद्दाम गावच्या मुलाण्याला बोलावून आमच्यासाठी कोंबडं कापून घेतलं होतं. जेवताना येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माझ्याकडे बोट करून सांगत होती, "ह्येंनी काडल्यात."

पुढच्या यात्रेच्या हंगामात त्याची एक मोठी कुस्ती ठरली. मी सुट्टी काढून गेलो आणि आखाड्याच्या कडेला मातीतच मांडी घातली. हलगी कडाडत होती, लोक झाडांवर चढून बसले होते. पैलवान पहिली काही मिनिटं वरचढ होता. मग समोरच्यानं खालून हात घालून त्याचा उजवा हात पाठीमागे नेला आणि पिरगाळला. खांदा निखळताना मी ऐकला. कडक भाकरी मोडावी तसा आवाज. पैलवान ओरडला, पण हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. समोरच्यानं हात आणखी वर नेला. लोक ओरडत होते, "मोड! मोड त्येला!" पंच मध्ये पडेपर्यंत पैलवानाचा हात चिंध्यांच्या बाहुलीसारखा लोंबत होता, आणि तरी तो दुसऱ्या हातानं समोरच्याचा लंगोट सोडत नव्हता. पंचांनी त्याच्या हातावर लाथ मारली तेव्हा सुटला.

त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं. टेबलावर झोपवून मी त्याचा खांदा सरळ करायला गेलो, तर डोळ्यातून पाण्याच्या धारा लागलेल्या. तशातही म्हणाला, "चाचा, हितं फोटू काडताना हसायचं आसतंय का?"

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कुस्ती बंद म्हणून सांगितलं. दोन-तीन महिने तो तालमीच्या कट्ट्यावर बसून असायचा. मग दिसेनासा झाला. नंतर दिसला तो आमच्या भागातल्या एका दादाच्या गाडीत, पांढराशुभ्र शर्ट घालून पुढच्या सीटवर. दादाचे प्लॉट होते, बांधकामं होती आणि येत्या निवडणुकीत उभं राहायचं चाललं होतं. अशा माणसाला मागेपुढे दोन-तीन पैलवान लागतातच. ईदला पैलवान आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला आला. माझ्या बायकोनं तोंडावरच विचारलं, "काम काय करतोस रे तिथं?"

"काय न्हाई, चाची. हुबं ऱ्हायाचं."

"नुसतं उभं?"

"नुसतं हुबं ऱ्हायलं तरी मानसं ऐकत्यात."

आमच्या घराजवळच्या चौकात एक नवरा-बायको चहाची टपरी चालवायचे. तो चहा करायचा, ती ग्लास विसळायची. दोघंही इस्लामपूरच्या बाजूचे. तो तोंडाचा फाटका. येईल त्याला टोमणा मारल्याशिवाय चहा हातात द्यायचा नाही. मलाही म्हणायचा, "या, फोटोग्राफर! आज काय गावलं? का नुसतंच बटन दाबून आला?" त्याच्या टोमण्याशिवाय माझी सकाळ सुरू व्हायची नाही.

दादाचा वाढदिवस आला तसा चौकात मोठा फ्लेक्स लागला, बरोबर टपरीच्या तोंडावर. टपरी पाठीमागे झाकून गेली. रस्त्यावरून जाणाऱ्याला चहा कुठे मिळतो ते कळेना. वाढदिवस होऊन आठवडा उलटला तरी फ्लेक्स हलेना. चहावाल्यानं दोन-चार जणांना सांगून बघितलं. शेवटी एक दिवस भाजी चिरायच्या सुरीनं त्यानं फ्लेक्सचा खालचा भाग कापून टाकला. दादाचं तोंड वर तसंच होतं, पण पोटापासून खालचा दादा गेला. येणारे-जाणारे हसायला लागले. मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?"

"काय केलं? वाढदिवस त्येंचा आन् अंधार माज्या दुकानात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकडून फोटो काढून परत येत होतो. चौकात पोचलो तेव्हा दोन मोटारसायकली टपरीसमोर आडव्या लावलेल्या होत्या. चारजण उतरले होते. त्यातला एक पैलवान.

पहिला फटका लोखंडी पाईपचा होता, गुडघ्यावर. चहावाला खाली बसला तो उभा राहिलाच नाही. दुसऱ्यानं काउंटर उलटा केला. बरण्या फुटल्या, खारी रस्त्यावर विखुरली. चहावाल्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले, तर हातांवर पाईप बसायला लागला. त्याची बायको मध्ये पडली. तिला केसाला धरून बाजूला फेकलं, ती ग्लासांच्या बादलीवर जाऊन आदळली. मग एकानं स्टोव्हवरचं उकळतं पातेलं चिमट्यानं उचललं आणि चहावाल्याच्या तोंडावर ओतलं. तो जे ओरडला ते मला माणसाचं ओरडणं वाटलं नाही. चौकात माणसं होती. दुकानांची शटरं अर्धी खाली आली. रिक्षावाल्यानं रिक्षा मागे घेतली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. ठरवून लावला नव्हता. ओरडावं, पळावं, मध्ये पडावं, यातलं काहीच सुचलं नाही. हाताला जे येत होतं ते त्यानं केलं. पाईप वर गेलेला, पातेलं कलंडलेलं, आणि चहावाल्याच्या छातीवर गुडघा देऊन त्याला दाबून धरलेला पैलवान. त्याचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

त्यानं वर बघितलं.

"चाचा, न्हाई."

मी आणखी एक काढला.

बाकीच्यांपैकी एक माझ्याकडे धावला. पैलवान उठला आणि त्याला हातानं मागे सारून स्वतः माझ्याकडे आला. मला वाटलं, हा मला वाचवायला आला. त्यानं माझं उजवं मनगट धरलं, अगदी सावकाश.

"कॅमेरा सोडा, चाचा."

"पैलवान, तो मरंल."

"सोडा म्हंतो."

"आईला काय सांगशील?"

त्यानं माझा हात पाठीमागे नेला. तालमीत शेकडो वेळा बघितलेला डाव होता तो, फोटो काढताना मला आवडायचा. मनगट एकदा मोडलं आणि मग तो पिळतच राहिला तसं दुसऱ्यांदा. मी गुडघ्यावर आलो. कॅमेरा खाली पडला. कुणीतरी त्यावर बुटाची टाच घातली, काच फुटली, आणि लाथेसरशी तो टपरीखाली गेला. माझ्या पोटात, मग तोंडावर लाथा बसल्या. जिभेवर दाताचा तुकडा लागला. मोटारसायकली सुरू झाल्याचं ऐकलं, एवढंच आठवतं.

शुद्ध आली ती माझ्याच एक्स-रे खोलीत, माझ्याच टेबलावर. रोज माझ्या बाजूला काम करणारा सहकारी माझा हात सरळ करायला बघत होता. चहावाला वर अतिदक्षता विभागात होता. गुडघ्याचा चुरा, दोन्ही हात मोडलेले, तोंड भाजलेलं. उजवा डोळा गेला.

संध्याकाळी चहावाल्याची बायको माझ्या खाटेजवळ आली. कपाळावर टाके, हातात भाजीची पिशवी. तिनं पिशवी माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली. आत कॅमेरा होता, चहाच्या चोथ्यानं माखलेला. मारणारे तो शोधायला माघारी आले होते, तेव्हा तिनं तो चोथ्याच्या बादलीत तळाशी दाबला होता.

"बादलीत कोन हात घालतंय?" ती म्हणाली. "बगा, फोटू हायत का."

काच गेली होती, कॅमेरा मोडला होता, पण आतलं कार्ड शाबूत होतं.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. मारणारे चारजण होते एवढंच मी सांगितलं. कार्डाचा विषय काढला नाही. काढू नका, असं माझ्या बायकोनं बजावलं होतं. ती रागानं बोलत नव्हती, भीतीनं बोलत होती. "आपण या गावचे नाही. नदीत टाका ते कार्ड." नदीत टाकलं मात्र नाही, तिनंच ते कुठेतरी ठेवून दिलं. वडिलांचा वडूजहून फोन आला. "ये की रं घरी. हाडाचं काम हितं बी मिळंल."

मग दादाकडून एकजण भेटायला आला. वयस्क, बोलण्यात अदब. आल्या आल्या माझ्या प्लास्टरची चौकशी केली, फळांची पिशवी ठेवली.

"पोरांचं डोकं तापट. तुमी मोटी मानसं, सोडून द्यायाचं."

"चहावाल्याचा डोळा गेलाय."

"त्येचं आमी बगतोय. त्येची काय तक्रार न्हाई आता. तुमीच राह्यलाय नुसतं." तो उठला आणि दारात थांबला. "परक्या गावात मानसानं जरा वाकून राहावं, चाचा. वडील वडूजला एकलेच आसत्यात न्हवं?"

फळं बायकोनं गल्लीतल्या म्हशीपुढे टाकली.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, मगरीबची नमाज उरकून आम्ही चहाला बसलो होतो. खिडकीची काच फुटली आणि अर्ध्या विटेचा तुकडा आत आला. तो माझ्यासाठी असणार, पण लागला बायकोला, भुवईच्या वर. ती खाली पडली नाही. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, बाहेर कुणीतरी आमच्या जातीवरून शिवी हासडली आणि पळणाऱ्या चपलांचा आवाज झाला. रक्त तिच्या डोळ्यात, गालावर, ओढणीवर उतरत होतं. मी डाव्या हातानं टॉवेल दाबायला गेलो, तर तिनं मला बाजूला केलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा हाताला रक्त आणि त्याला चिकटलेले तांदूळ, आणि मुठीत ते कार्ड.

"चला," ती म्हणाली.

"आधी टाके घालून घेऊ."

"तशीच येणार मी. बघू देत त्यांना."

तशीच आली. ठाण्यातल्या फौजदारानं आधी तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरवर फोटो बघितले, आणि शिपायाला सांगून दार लावून घेतलं. तिसऱ्या फोटोला तो खुर्चीत सरळ होऊन बसला. त्या आठवड्यात चौघंही उचलले गेले. मारणारे सापडले, मारायला सांगणारा फोटोत नव्हता.

पैलवानाची आई आली ती एका दुपारी. पदराखाली काहीतरी घेऊन आली होती. दारातच उभी राहिली, बायकोनं आत घेतलं तशी खाली बसली. पदराखालून तिनं मी दिलेले फोटो काढले, चौकटींसकट, आणि माझ्यासमोर फरशीवर मांडले.

"ह्ये तुमचं. न्या माघारी."

"मावशी..."

"तुमीच त्येला डोक्यावर बसवला. फोटू काडून काडून. मी लय मोटा हाय आसं वाटाय लागलं त्येला." ती मोठ्यानं बोलत नव्हती. "आन् आता तुमचाच फोटू त्येला आत घालनार. माजा ल्योक आसं करायचा न्हाई. दुसऱ्यांनी केलं आन् ह्येचं नाव आलं. तुमी सांगा की कोर्टात, चेहरा नीट दिसत न्हाई म्हनून."

"दिसतो, मावशी."

"खोटं."

मी काय करायला हवं होतं ते मला अजून ठरवता येत नाही. ठाण्यातून मी त्या फोटोंची प्रत करून आणली होती. डाव्या हातानं लॅपटॉप उघडला आणि तिच्यासमोर ठेवला. माझी बायको "नको" म्हणाली, तोपर्यंत फोटो उघडला होता.

ती वाकून बघत राहिली. पातेल्यातून पडणारा चहा, खाली तोंड, त्या छातीवर तिच्या लेकाचा गुडघा. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, त्याच्या कानावर. मग अचानक उठली आणि लॅपटॉप भिरकावून दिला. तो भिंतीवर आपटला. आणि तिनं माझ्या तोंडात मारली, एकदा, दोनदा, शेतात राबलेल्या हातानं. फुटलेला दात पुन्हा दुखला. माझ्या बायकोनं तिला मागून धरलं, तशी ती बायकोच्याच खांद्यावर कोसळली.

"मला कशाला दावलं?" ती ओरडत होती. "मी सारं आयुष्य बगितलं न्हाई, मला कशाला दावलं?"

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. चौकटी न घेता गेली. त्या कपाटावर ठेवल्या आहेत.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर माझा हात जुळला, पण मनगट पुरतं वळत नाही. जड कॅमेरा धरता येत नाही. पेशंटला टेबलावर वळवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते.

कोर्टात चहावाला काळा चष्मा लावून, काठी टेकत आला. सरकारी वकिलानं चौघांकडे बोट करून विचारलं, "यांना ओळखता?" तो म्हणाला, "न्हाई. लय गर्दी हुती. मागनं मारलं." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. मग माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलानं मला दिवसभर सोलून काढलं. मी पत्रकार आहे का? परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढतो का? माणूस मरत असताना फोटो काढणारा माणूस कसला? शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसलो. तो म्हणाला, "उत्तर नाही, याची नोंद घ्यावी."

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात पाणी प्यायला गेलो. चौघांना पोलिसांनी बाकावर बसवलं होतं. पैलवान सुकला होता. मला बघून उभा राहिला, पोलिसानं खाली ओढलं.

"चाचा, आई तुमाला मारून गेली म्हनं."

"हो."

"लागलं का?"

"लागलं."

तो खाली बघून म्हणाला, "मला भेटाय आली न्हाई ती. एकदा बी."

सुट्टीनंतर चहावाल्याच्या बायकोला पुकारलं. सगळ्यांना ठाऊक होतं ती काय म्हणणार. नवऱ्यानं सांगितलंय तेच. ती पिंजऱ्यात चढली, पदर नीट केला, शपथ घेतली. वकिलानं विचारलं. तिनं चौघांकडे एकेक करून बघितलं आणि एकेक करून सांगितलं. ह्यानं पाईप मारला. ह्यानं माझे केस धरले. ह्यानं चहा ओतला. ह्यानं गुडघा देऊन दाबलं.

"तुमचे पती तर म्हणतात ओळखत नाही."

"त्येंचा एक डोळा गेलाय, साहेब. माजं दोनी हायत."

मागच्या बाकावरून चहावाला उठला. "गप बस!" म्हणून ओरडला, काठी घेऊन पुढे यायला लागला, पोलिसांनी धरला. ती कठड्याला धरून उभी होती, हात पांढरेफटक पडलेले, पण थांबली नाही. कॅमेरा बादलीत कसा दाबला तेही सांगितलं.

चौघांना शिक्षा झाली. निकाल ऐकून पैलवानानं सवयीनं मान खाली घालून खांदा चोळला. निकालाच्या तिसऱ्या दिवशी टपरी जळाली. सकाळी मी गेलो तेव्हा वाकडा झालेला पत्रा आणि काळा पडलेला स्टोव्ह उरला होता. कुणी बघितलं नव्हतं. नवरा-बायको गाव सोडून गेले. दादा निवडून आला.

या पावसाळ्यात मी त्यांना शोधून काढलं. इस्लामपूरच्या अलीकडे एका फाट्यावर त्यांनी पुन्हा चहाचं दुकान टाकलंय. मी उतरलो तेव्हा तो काउंटरमागे खुर्चीवर बसून होता, चहा ती करत होती. तिनं मला ओळखलं, फडक्यानं बाकडं पुसलं. त्यानं आवाजावरून ओळखलं की उरलेल्या डोळ्यानं, कळलं नाही.

"कशाला आलाय?" तो म्हणाला.

"चहा प्यायला."

"तुमच्या फोटूनं माजं दुकान गेलं."

ती चहा गाळत होती. न वळताच म्हणाली, "फोटूनं न्हाई गेलं. तुमी बी सांगितलं आसतं तर दोगांना बगून घाबरली आसती ती मानसं."

"मला दोन पोरी हायत."

"पोरींसाठीच सांगितलं मी."

"तू गप गं."

"न्हाई गप बसत. लय दिवस बसली."

त्यानं टेबलावरचा रिकामा ग्लास उचलून भिंतीवर मारला. काचा माझ्या पायापाशी येऊन पडल्या. रस्त्याच्या कडेला उभा असलेला एकजण वळून बघायला लागला. ती शांतपणे केरसुणी घेऊन आली, काचा गोळा केल्या आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

"रोज एक फोडत्यात," ती मला म्हणाली. "प्या तुमी."

मी चहा प्यालो. चहा चांगला होता. तो पुटपुटत होता, तिनं स्टोव्ह मोठा केला तसं त्याचं पुटपुटणं ऐकू येईनासं झालं. सांगलीची गाडी आली. मी पैसे ठेवायला लागलो, तर तो खुर्चीवरूनच खेकसला, "घेऊ नगंस त्येचं!" आणि तिनं ते माझ्या खिशात परत कोंबले.